समासातला नमस्कार

मागच्या पत्राच्या समासात वाकड्या अक्षरांची एक उभी ओळ होती. ती कुणाची, असं तुम्ही नातवंडांनी विचारलंत. शेजारच्या क्विन आजोबांची.

आमच्या या मेनूथ गावात पोस्टाच्या पेटीत पत्र न टाकणारा हा एकमेव माणूस. मला म्हणतात, "रोमन टपाल फक्त सरकारी कामाला होतं, मिसेस लेले. साध्या माणसाने प्रवासी गाठायचा. पौलाने तेच केलं!"

पौल म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा, पत्रांतून उपदेश करणारा ख्रिस्ती संत. जन्मभर त्यांनी कॉलेजात त्याच्या काळातले रोमन शिकवले आणि अजून ते त्यांच्यातच राहतात. कचऱ्याचा नवा नियम आला, की म्हणतात, "सम्राट कैसराचं फर्मान!" पार्किंगचा दंड लावणाऱ्याला 'जकातदार' म्हणतात, आणि वर त्यालाच चहाला बोलावतात.

त्यांची बहीण नोरा लिमरिकला. तुमचा मामा दर सोमवारी तिथल्या हॉस्पिटलला कामाला जातो, म्हणून रविवारी संध्याकाळी क्विन आजोबा लिफाफा घेऊन दारात. "आमचा प्रवासी कुठाय?" मामा कुरकुरायचा, "आई, त्यांना तिकिटं आणून दे ना!" पण पत्र पोचवायचा आणि उत्तरही आणायचा.

जानेवारीत नोरा गेली. पुढच्या रविवारी ते आले, ते रिकाम्या हाताने. "सवय," म्हणाले.

मी तुम्हालाच लिहीत होते. शेवटी काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मी म्हटलं. ते ताठ बसले.

"पौलाची पत्रंही अशीच संपतात! लोक उपदेश वाचतात आणि शेवटची नावं गाळतात. मी नावंच शिकवली. त्यांत कितीतरी गुलामांची असावीत. एक पत्र लिहून घेणारा तेर्तियस, म्हणजे नुसता 'तिसरा'. त्यानेही शेवटी हळूच स्वतःचा नमस्कार घातला. कुणी खोडला नाही."

मग कप बशीत फिरवत राहिले. "तुमच्या पत्रात एका ओळीची जागा आहे?"

पान भरलं होतं. समासात लिहू नये, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तरी मी कागद आडवा केला. देवनागरी अक्षरं दुसऱ्या चिठ्ठीवर काढून दिली आणि त्यांनी जीभ चावत ती उतरवली: क्विन यांचा नमस्कार. "ग्रँड," म्हणाले, म्हणजे इकडचं 'झकास'.

तुमचं उत्तर आलं, त्यात फक्त 'ही ओळ कुणाची?' एवढा प्रश्न होता. तो मी त्यांना वाचून दाखवला नाही.

ते दर रविवारी येतात. "पुण्याहून काही?" मी म्हणते, टपाल हळू चालतं. तेव्हा या वेळी शेवटी त्यांना नमस्काराची ओळ विसरू नका, आणि त्यांचं नाव ठळक लिहा. लांबूनही त्यांना दिसलं पाहिजे.