होडीबरोबर काय काय येतं

"पावडर अंगाला लावायची असते, हे या घरात सांगू तरी कुणाला?" भिंगकाकू शिवणयंत्रापाशी पुटपुटल्या. नवरा दोन हातांवर बसला होता. इतक्या जवळचं ऐकू न येण्यासाठी मोठं कसब लागतं. ते त्यांच्याकडे होतं.

"ठसे कधी खोटं बोलत नाहीत," होडीच्या कागदांवर पावडर भुरभुरवत ते म्हणाले. एक ठसा उमटला. तो त्यांचाच होता, सकाळच्या जॅमसकट.

"माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्मतो," असं ते कुणी न विचारता सांगत. "एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचलेत मी! नुसत्या आकड्यावरून सांगायचो, या घरी पाहुणे आलेत, त्या घरी अबोला आहे. असा मेंदू निवृत्त होत नसतो." निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बशीएवढं भिंग आणलं. गल्लीने त्यांना भिंगकाका केलं, आणि काहीएक गुन्हा नसताना त्या भिंगकाकू झाल्या.

सध्याची केस घरचीच होती. काकूंचा धाकटा भाऊ पुस्तकबांधणी करायचा. वय अठ्ठावन्न, पण सगळ्यांच्या तोंडी तो 'धाकटा'च. वर्षापूर्वी त्याची बायको वारली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी ताईकडे जेवायला येई, "मीठ" आणि "पुरे" एवढं बोले, आणि जाई. ताई आणि भावोजी हवापाण्यावर बोलत. जी गेली तिचं नाव कुणी काढत नसे.

मागच्या आठवड्यात मात्र त्याने अख्खं वाक्य उच्चारलं. "तळ्यावर एक जुनी होडी विकायला आहे. घेईन म्हणतो."

काकूंच्या हातातला डाव हवेतच राहिला. याला पोहता येत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी हवंसं वाटत होतं. काकूंनी ते पोहणं गिळून टाकलं.

"जुनी होडी म्हणजे जुनं स्थळ," भिंगकाका म्हणाले. "पूर्वेतिहास तपासल्याशिवाय होकार नाही!"

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी नोंदवही उघडून दिली. होडीवरचा क्रमांक कागदाशी जुळत होता. अपघात नाही, बोजा नाही, तक्रार नाही.

"इतकं स्वच्छ म्हणजे नक्कीच पुसलेलं," काका कुजबुजले.

मालकांची यादी मात्र विचित्र होती. पहिले मालक तळ्यावरचे होडीवाले आजोबा. मग दाताचे डॉक्टर. मग पुन्हा आजोबा. मग गाण्याच्या बाई. पुन्हा आजोबा. मग बेकरीवाले. पुन्हा आजोबा. गाण्याच्या ध्रुपदासारखे आजोबा परत परत येत होते.

"तिघांनी परत केली, म्हणजे गळते!" काकांनी निदान केलं. काका, काकू आणि धाकटा तळ्यावर गेले. होडी काठावर ओंडक्यांवर ठेवलेली होती. त्यांनी तळ्याचं पाणी बादल्यांनी आणून तिच्यात ओतलं. बेचाळीस बादल्या. एक थेंब बाहेर आला नाही. "आतलं बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरचंही आत येणार नाही," ते दम खात म्हणाले.

"हे तिला पाण्यात ढकलूनही कळलं असतं," आजोबा म्हणाले.

पाणी उपसता उपसता दुपार गेली आणि काकांची पाठ धरली. पण फळीखाली एक पत्र्याचा डबा सापडला. रुमालाने धरून त्यांनी तो उघडला. आत स्पंज, सुतळीचा गुंडा आणि दोन कप.

"दोन! म्हातारा राहतो एकटा, आणि कप दोन. साथीदार आहे!"

तेवढ्यात आजोबांनी धाकट्याला विचारलं, "सकाळी किती वाजता उठता? गप्पांची आवड आहे का?"

काकांनी काकूंना कोपर मारलं. "घर कधी रिकामं असतं ते हेरतोय. दरोडा!"

"अहो, कोपर तुमचं असलं तरी बरगडी माझी आहे. जपून वापरा," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी पानावर निकाल लागला. "टोळी आहे. चार नावं, एक मेंदू. होडी घ्यायची नाही."

धाकट्याने मान वर केली नाही. "मग राहू दे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मीठ."

ते "मीठ" काकूंच्या घशाखाली उतरेना. सकाळी त्या पिशवी घेऊन थेट बेकरीत गेल्या.

"होडी? सोन्यासारखी आहे, काकू," बेकरीवाले पाव बांधत म्हणाले. "पण तिच्याबरोबर आजोबा येतात ना!"

"म्हणजे?"

"रोज सहाला माझ्याआधी हजर. गाठ अशी नाही, अशी मारा. वल्हं घासू नका. त्यांचा खांदा गेलाय, एकट्याला वल्हवता येत नाही, म्हणून विकतात. विकली की करमत नाही, म्हणून येतात. डॉक्टर तर म्हणाले होते, सगळे दात फुकट बसवून देतो, पण येऊ नका. शेवटी आमची ही म्हणाली, एक तर यांना दत्तक घ्या, नाहीतर होडी परत द्या."

"मग?"

"दत्तक जायचं वय उलटून गेलं होतं त्यांचं."

काकूंनी नवऱ्याला आणि धाकट्याला तळ्यावर नेलं आणि वाटेत सगळं सांगितलं. "हीच माझी चौथी शक्यता होती," भिंगकाका म्हणाले.

धक्क्यावर आजोबा विक्रीचा अर्ज घेऊन बसले होते. ओळीवर पेन टेकवलं आणि उचललं. "चालत नाही हे."

काकांनी आपलं दिलं. "फार जाड आहे," आजोबा म्हणाले.

काकूंनी पिशवीतलं दिलं. आजोबांनी ते उन्हात धरून पाहिलं. "दुपारी करू सही. उजेड बरा असतो."

ऊन चांगलं डोळ्यांवर येत होतं. काकूंनी पाण्याकडे पाहिलं, काकांनी भिंगातून आपल्या चपलेकडे. आजोबा अर्जाची घडी घालत राहिले. जे बोलायचं ते सोडून सगळ्यांनी सगळं करून पाहिलं.

होडी आता पाण्यात, धक्क्याला बांधलेली होती. धाकटा तिच्यात उतरला. डबा उघडला, दोन्ही कप फळीवर मांडले, आणि दोराच्या गाठीकडे बघत म्हणाला,

"आजोबा, तुम्हाला ही विकायची नाहीये. आणि मलाही घ्यायची नव्हती. मला वल्हवता येत नाही, पोहता येत नाही. ती गेल्यापासून सकाळचं घर खायला उठतं मला, एवढंच."