डावा हात खिशात

आमच्या घरात बिघडलेली वस्तू थेट दुरुस्तीवाल्याकडे जात नाही. आधी माझ्याकडे येते. मग दुरुस्तीवाल्याकडे जाते आणि तो मला विचारतो, "साहेब, ह्यातले स्क्रू कुठे गेले?" पण म्हणून काय माणसाने हिंमत सोडायची?

त्या दिवशी बायकोचा कार्यक्रम होता. ती शाळेत गणित शिकवते आणि दोन वर्षांपासून गिटार शिकतेय. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात ती पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती, तेही वडिलांच्या ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर. सासरे तरुणपणी बँडमध्ये वाजवायचे. जुन्या रेडिओत असायची तसल्या काचेच्या ट्यूबवाला तो छोटासा ॲम्प लेकीला देताना त्यांचे डोळे भरून आले होते. (लेक मला देताना चांगले कोरडे होते!)

सकाळी वाजवता वाजवता ती थांबली. "आवाज जरा टोचतोय, नाही? थोडा उबदार हवा होता."

"हात्तिच्या! एवढंच ना? मी करून देतो!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, बाबांच्या ॲम्पला हात लावायचा नाही! शपथ घ्या."

मी शपथ घेतली. ती बाबांना आणायला स्टेशनवर गेली आणि मी स्क्रूड्रायव्हर काढायला माळ्यावर चढलो.

काम सोपं होतं. एका दाढीवाल्याने व्हिडिओत दाखवलंच होतं. आत एक छोटासा कपॅसिटर जास्तीचा जोडायचा, की टोचणारा आवाज त्यात जिरतो आणि उरतो तो नुसता गोडवा. मी मागची फळी काढली, ट्यूब अलगद उपसून टेबलावर ठेवली, आणि तेव्हा कुठे दाढीवाला गंभीर झाला. "मित्रांनो, प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसलेली असते. ती उतरवल्याशिवाय आत बोट घालू नका. आणि काम करताना डावा हात खिशात! दोन्ही हात लागले तर वीज छातीतून आरपार जाते."

हे ह्या गृहस्थाने आधी नको सांगायला? माझ्या छातीत धडधडायला लागलं. त्याने सांगितली तशी मी वीज उतरवली, पुन्हा एकदा उतरवली, तरी विश्वास बसेना. डावा हात खिशात गेला तो गेलाच. आता उजव्या हातात डाग द्यायची तापलेली सोल्डर गन, मग सोल्डरची तार धरायची कशात? दातांत! तार वितळत वितळत जवळ आली आणि मी ती वेळेवर सोडली नाही. ओठाला असा चटका बसला म्हणून सांगू! डावीकडचा अर्धा ओठ टम्म फुगला.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

मी गुडघ्याने ढकलून ॲम्पची उघडी पाठ भिंतीकडे केली. त्या धक्क्याने टेबलावरची ट्यूब गडगडली. ती डाव्या हाताने वरच्यावर झेलली आणि हात पुन्हा खिशात!

दारात बायको आणि सासरे. समोर मी. घामाघूम, तोंड वाकडं, डावा हात गायब.

"अहो, काय झालं?"

"काऽऽय नाय," मी म्हणालो. सुजलेल्या ओठातून एवढंच बाहेर पडलं.

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. "बाबा, ह्यांचं तोंड बघा!"

सासऱ्यांना पेपरात वाचलेलं सगळं एकदम आठवलं. "जावईबापू, हसून दाखवा!"

मी हसलो. अर्धाच.

"दोन्ही हात वर करा!"

मी उजवा केला. डाव्यात त्यांचीच ट्यूब होती हो!

"उठत नाहीये!" सासरे ओरडले. "लकवा! आडवं करा ह्यांना!"

दोघांनी मला धरून सतरंजीवर निजवलं. नेमकं डाव्या कुशीवर! खाली काच, तिच्याभोवती माझी मूठ आणि त्यावर अख्खा मी. ट्यूब वाचवायला मी अंग उचलून धरलं, तर बायको हुंदका देत म्हणाली, "झटके येतायत!" सासऱ्यांनी आतून माझी उशी आणली, ती घाईत ॲम्पच्या तोंडाशी टेकवली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

बायकोनेही फोन लावला होता. वाचनालयाला. "माझं नाव काढा. नाही, पुढच्या वेळचंही आता सांगता येत नाही. ह्यांना बरं नाही." आवाज वर्गात बोलावा तसा शांत होता. डोळ्यांना मात्र धारा लागल्या होत्या.

दोन वर्षं हिने बोटांना घट्टे पाडून घेतले, ते काय माझ्या अर्ध्या ओठापायी वाया जाऊ द्यायचे? मला स्वतःचीच लाज वाटली.

"थांब!" मी उठून बसलो आणि डावा हात बाहेर काढून मूठ उघडली. ट्यूब. शाबूत!

मग मी सगळं कबूल केलं. सासऱ्यांनी रुग्णवाहिका नको म्हणून कळवलं. बायकोने डोळे पुसले आणि फोनवर म्हणाली, "नाव राहू द्या. ह्यांना काही झालेलं नाही. अजून तरी!"

सासऱ्यांनी ट्यूब बसवली, फळी लावली. बायकोने गिटार जोडली. माझा जीव टांगणीला! तिने तार छेडली आणि काय सांगू तुम्हाला! मऊ, भरलेला, उबदार आवाज! दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"सुधारलाय खरा," सासरे पुटपुटले.

ओठाबरोबर आता माझी छातीही फुगली. "कपॅसिटरची कमाल!"

"कपॅसिटर म्हणजे हा का?" सासऱ्यांनी सतरंजीवरून बोटाच्या पेराएवढी काहीतरी वस्तू उचलली. मी सोल्डरने दिलेला डाग धरलाच नव्हता! गुडघ्याच्या धक्क्याने कपॅसिटर बाहेर पडला होता.

बायकोने ॲम्पसमोरची उशी हळूच काढली. तार छेडली. आवाज टोचला. उशी परत टेकवली. उबदार!

संध्याकाळी ती सुरेख वाजवून गेली. टाळ्या थांबेनात. ॲम्पवर काय काम केलंय, असं एकाने विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी नम्रपणे मान खाली घातली. परत येताना ॲम्प सासऱ्यांनी घेतला आणि मला उशी दिली, दोन्ही हातांत.

तेव्हापासून ती उशी ॲम्पची झाली आहे. मी टॉवेल गुंडाळून डोक्याखाली घेतो. सकाळी मान आखडते, पण घरात बोलायची सोय नाही. लगेच दोन्ही हात वर करायला लावतात!