कुंडलिक जागृती

चौकात फ्लेक्स लागला तेव्हा ज्याचा फोटो त्यावर होता तो माणूस घरी ओट्यावर घोरत पडला होता. यात नवल काही नव्हतं. खापरदऱ्यातला कुंडलिक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपे, कांदा साठवायच्या बराकीच्या सावलीला झोपे, सलूनच्या खुर्चीत झोपे. पुतणीच्या लग्नात तो हातात अक्षता घेऊन उभ्याउभ्या झोपला होता आणि 'सावधान' म्हटल्यावरही सावध झाला नव्हता. त्याची बायको शीला म्हणायची, "आमचं लग्न झालंय हे ह्या माणसाला कुणीतरी हलवून सांगा."

फ्लेक्स खरं तर त्याच्या सुनेचा होता. प्राचीनं पुण्यात योग रीतसर शिकलेला. सार्थकशी लग्न झालं, सार्थकनं गावी येऊन पॉलिहाऊस टाकलं, आणि ही त्याच्यामागं कळंबचा हायवे सोडून आत खापरदऱ्यात आली. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की इथल्या बायांची कांदा लागणीनं वाकून वाकून कंबर गेलीय, पुरुषांना बीपी आहे, आणि दोघांनाही राग आहे. ग्रामपंचायतीची व्यायामशाळा कुलूपबंद होती. तिच्यात उपसरपंच दादाभाऊच्या मंडपाच्या खुर्च्या व्यायाम करत पडल्या होत्या. प्राचीनं ती खोली वर्गासाठी मागितली.

"ताई, गावात योगा कोण करणार?" दादाभाऊ म्हणाला. "आमच्या बाया दिवसभर वाकूनच असत्यात."

"म्हणूनच पाहिजे. वाकतात सगळ्या, सरळ कोणीच होत नाही."

दादाभाऊला असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. "बरं. येत्या आईतवारी मारुतीच्या देवळात शिबिर घ्या. देऊळ भरलं तर किल्ली तुमची. न्हाई भरलं तर हा इषय परत काढायचा नाय."

प्राचीनं घरी येऊन सार्थकला सरळ सांगितलं, "नाही भरलं तर मी पुण्याची नोकरी घेणार. तू शनिवारी येत जा."

सार्थकनं त्याच पावली मंचरच्या फ्लेक्सवाल्या सुदर्शनला मेसेज केला. कुंडलिनी जागृती शिबिर. हठयोग, विन्यास, प्राणायाम, योगनिद्रा. पाठ, मान आणि मनाच्या त्रासावर गुण. आईतवारी सकाळी, मारुती मंदिर. खाली प्राचीनं काढलेलं रंगीत चक्रांचं चित्र. आणि सुदर्शननं, जो आयुष्यात फक्त वाढदिवस आणि दशक्रिया छापत आला होता, त्यानं फ्लेक्स करून, गाडीवर घालून, चौकात बांधूनही टाकला.

फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात होतं: कुंडलिक जागृती. मध्ये कुंडलिक, डोक्याला फेटा, डोळे मिटलेले. त्याचा डोळे उघडे असलेला फोटो जगात नव्हता. आणि त्याच्या अंगावर खालून वर एकेक रंगीत चक्र, बटणं लावावीत तशी बसवलेली.

"सुदर्शन, कुंडलिक कुठनं आला त्यात?" सार्थक फोनवर ओरडला.

"तूच 'कुंडलिनी' पाठवलं भाऊ. म्हणलं घाईत चुकलं. तुझ्या वडलांचं नाव मला म्हाईत नाय का?"

"आणि फोटो?"

"फोटो पाठवला नव्हता तू. मागच्या वाढदिवसाचा व्हता, तो टाकला. बिनफोटोचा फ्लेक्स कुठं असतोय का राव? वाऱ्यावर सोडलेलं कापड दिसतंय ते."

"अरे पण त्यांच्या अंगावर दिवे कशाला?"

"ते तुमचंच डिझाईन. एकेक चक्र आंब्याएवढं व्हतं, बारीक करून बसवलं. लई भारी आलंय."

आता 'जागृत' या शब्दाचं बघा. शहरात ग्राहक जागृत असतो, मतदार जागृत असतो, म्हणजे भाषणात असतो. आमच्याकडं जागृत असतो तो फक्त देव. अमक्या डोंगरावरची देवी जागृत आहे, तमक्या ओढ्याकाठचा म्हसोबा जागृत आहे. माणसानं जागृत असावं अशी अपेक्षा कुणी केलेलीच नाही. त्यामुळं चौकातला फ्लेक्स वाचून गावाला एकच अर्थ कळला.

पहिली आली लंकाबाई. हातात नारळ, कमरेवर हात. कुंडलिक नुकताच उठून ओट्यावर डोळे चोळत बसला होता.

"जागृत झालात म्हणं तुमी," लंकाबाई म्हणाली.

"हा. आत्ताच झालो. च्या व्हायचाय अजून."

लंकाबाईनं नारळ त्याच्या पायाशी ठेवला. "कंबर धरलीया बघा. रातभर डोळ्याला डोळा नाय."

कुंडलिकाला जगातलं एकच औषध माहीत होतं. "घरी जा अन् पड जरा. कुणी हाक मारली तर ओ देऊ नको."

बाई घरी गेली आणि पडली. लग्न होऊन आल्यापासून ती दिवसाढवळ्या पहिल्यांदा आडवी झाली होती. नवरा विचारायला आला, तर म्हणाली, "बाबांनी सांगितलंय." नवरा गुपचूप चहा ठेवायला गेला. उठली तेव्हा कंबर मोकळी झालेली. कंबर विश्रांतीनं मोकळी होते हे कळायला जागृत दैवत कशाला पाहिजे, असं विचारणारा एकही माणूस त्या गावात निघाला नाही. दुपारपर्यंत कुंडलिकाच्या ओट्यावर नारळांचा ढीग आणि अंगणात चपलांचा.

'बाबा' या शब्दाला प्राचीच जबाबदार होती. पुण्याच्या रीतीनं ती सासऱ्याला बाबा म्हणायची. "बाबा, चहा घ्या," असं तिनं सगळ्यांदेखत म्हटलं आणि अंगणात कुजबूज झाली, "घरची सून बी बाबा म्हणती. म्हंजे खरं हाय."

शीला भडकली. "बाबा? ह्यो? आवं, घरात चोर शिरला व्हता तवा ह्या बाबानं त्याला आपल्या अंगावरून जाऊ दिलं, कूस बदलून."

"क्षमा केली," कुणीतरी हात जोडून म्हणालं.

सार्थक फ्लेक्स काढायला शिडी घेऊन चौकात गेला, तर फ्लेक्सला हार घातलेला आणि खाली बाया बसलेल्या. शिडी त्यांनी ठेवून घेतली. हार बदलायला बरी. शेवटी प्राची स्वतः गेली आणि कट्ट्यावर उभी राहिली. "ऐका. ही छपाईची चूक आहे. शिबिर योगाचं आहे, मी घेणार आहे. बाबांना यातलं काहीही येत नाही. त्यांना फक्त झोपता येतं."

बाया तिच्याकडं कौतुकानं बघत राहिल्या. "खोटं असतं तर म्हणाली असती का असं?" मंगल शेजारणीला म्हणाली.

संध्याकाळी त्या फ्लेक्सशेजारी दुसरा फ्लेक्स उभा राहिला. तो आकारानं मोठा होता. कुंडलिक बाबांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: दादाभाऊ. गर्दी बघितली की तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, मग ती प्रेताला का जमली असेना, एवढंच राजकारण या माणसाला येत होतं, आणि तेवढ्यावर तो निवडून येत होता.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला घरात खल झाला.

"आता देऊळ भरंल," सार्थक म्हणाला. "किल्ली मिळंल."

"भरेल, पण बाबांसाठी," प्राची म्हणाली. "आणि बाबा तिथं घोरायला लागले की माझा योग म्हणजे फसवणूक ठरेल. मग या गावात मला पतंजली पण वाचवू शकणार नाहीत."

"त्यो कुठल्या गावचा?" कुंडलिकानं विचारलं आणि उत्तर येण्याआधी त्याचं डोकं ताटाकडं कललं.

शीलानं त्याच्या हातावर चापट मारली. "उद्या घटकाभर जागं ऱ्हायचं. सुनेचा संसार हाय. ही मिरची घ्या खिशात. डोळा लागाय लागला की चावायची."

आईतवारी देऊळ भरलं, ओटा भरला, पार भरला. लोणीहून पिकअप आली, निमगाव सावाहून दोन जीपा आल्या. कुंडलिकाला समोर गादीवर बसवलं. त्याच्या बाजूला प्राची उभी राहिली आणि बोलू लागली.

"योगाचे प्रकार बरेच आहेत. हठयोगात एकेक आसन धरून ठेवायचं. त्यानं पाठीला आणि पायांना बळ येतं."

"हठयोग आमच्या मालकांना येतोय," मंगल म्हणाली. "एकदा धरलं की सोडत नाय."

"विन्यासमध्ये श्वासाबरोबर हालत राहायचं, थांबायचं नाही. अंग मोकळं होतं, घाम निघतो. प्राणायामानं श्वास लांब होतो, डोकं शांत होतं, चिडचिड कमी होते. चला, हात वर घेऊ या."

एकही हात वर गेला नाही. सगळे कुंडलिकाकडं बघत होते. कुंडलिकानं मान खाजवली. सगळ्या देवळानं मान खाजवली. प्राचीनं हे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, हात वर." कुंडलिकानं हात वर केले. माणसांचं रान उठल्यासारखे हात वर गेले. तो डावीकडं वाकला, गाव डावीकडं वाकलं. त्यानं जांभई दिली, तर लोणीच्या पिकअपपर्यंत जांभई पोचली.

मग त्याचे डोळे जड झाले. त्यानं खिशात हात घालून मिरची चावली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून सूं सूं.

"बाबांना भरून आलं," लंकाबाईनं पदर डोळ्याला लावला. बाकीच्यांनी मात्र सूं सूं उचललं. लांब श्वास, बारीक सोडणं. प्राचीला हवा होता तो प्राणायाम आपोआप सुरू झाला. तिला हसू आवरेना. इतका चांगला वर्ग तिनं पुण्यात घेतला नव्हता.

पण मिरची संपली. आणि ज्या माणसानं मंगलाष्टकांना दाद दिली नाही, तो शांत बसलेल्या देवळाला काय देणार? कुंडलिक बसल्या जागी कलला, गादीवर आडवा झाला आणि घोरू लागला. ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखा आवाज.

दादाभाऊ उठला. "हे तर झोपलं की. ताई, हे जागृत का? लोक गाड्या करून आल्यात."

सार्थकनं डोळे मिटून घेतले. शीला कुणाच्या तरी अंगावर जायच्या तयारीत. प्राची मात्र जागची हलली नाही.

"झोपलेच आहेत," ती म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं, त्यांना एवढंच येतं. तुम्हाला तेवढंही येत नाही. तुमच्यातले किती जण रात्री आढ्याकडं बघत पडतात? आता मी सांगते तसं करा. पाठीवर पडा. सगळे. दादाभाऊ, तुम्ही पण."

"मी?"

"तुम्हाला जास्त गरज आहे."

लोकांनी दादाभाऊकडं बघितलं. तो पडला. मग सगळे पडले. ज्या बायांनी जन्मात चारचौघांत पाय पसरले नव्हते, त्या मारुतीच्या समोर पाय लांब करून पडल्या. प्राचीचा आवाज हळू झाला. "उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा. घोटा सोडा. गुडघा सोडा. कांदा सोडा. घरातली भांडी सोडा. सासू सोडा." कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याचीच झोप झाली. सगळ्यांत आधी दादाभाऊ गेला. त्याचं घोरणं कुंडलिकाच्या घोरण्यात मिसळलं आणि देवळाचा पुजारीसुद्धा खांबाला टेकून झोपी गेला. गाभाऱ्यात तेवढा मारुती उभा होता.

उन्हं पायाला लागली तेव्हा माणसं उठू लागली. निमगाव सावाचा एक म्हातारा म्हणाला, "अंग लई हलकं झालंय राव. चोरीला गेल्यागत." किल्लीची बोली एव्हाना लोणीपर्यंत पोचली होती; तिथली धोंडाबाई सगळ्यांच्या मधून चालत दादाभाऊपाशी गेली, त्याला हलवलं आणि हात पुढं केला. "किल्ली द्या हिला."

दादाभाऊ उठून बसला. निवडणुकीनंतर त्याला पहिल्यांदा झोप लागली होती आणि त्यामुळं खोटं बोलायला लागणारी तरतरी अजून आली नव्हती. त्यानं किल्ली दिली. "पण बाबा रोज म्होरं पाहिजेत."

"बाबा, काय आज्ञा?" लंकाबाईनं विचारलं.

कुंडलिकानं डोळे उघडले. तोंड भाजत होतं. "सूनबाई सांगंल तसं करा. अन् मला पाणी द्या कुणीतरी."

मंडपाच्या खुर्च्या बाहेर निघाल्या आणि वर्ग सुरू झाला. रोज दिवस उगवायच्या आत कुंडलिकाला उठावं लागे, कारण बाबांशिवाय बाया सतरंजी टाकत नव्हत्या. तो रोज कण्हत जायचा, कण्हत नाकपुडी दाबून श्वास घ्यायचा. थोड्याच दिवसांत त्याचं नाक मोकळं झालं. ते कित्येक वर्षं चोंदलेलं होतं हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. तो रात्री कधी नीट झोपलाच नव्हता, म्हणून दिवसा पडत होता. आता रात्री झोपू लागला आणि दिवसभर जागा राहू लागला. शीलाला ते जड गेलं. "सारखं बघत बसतंय हे माणूस," ती प्राचीला म्हणाली. "परवा इचारत व्हतं, भाजीत मीठ जास्त का हाय. इतकी वर्षं कधी इचारलं नाय."

महिनाभरानं दादाभाऊनं व्यायामशाळेचं उद्घाटन ठेवलं. चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन करायची आपल्याकडं रीतच आहे. फीत कापली, फोटो झाले, मग भाषण. "ह्या गावाच्या आरोग्यासाठी आमी काय नाय केलं? गेल्या साली ह्या व्यायामशाळेवर नवं कोरं पत्रं टाकलं, माझ्या देखरेखीखाली."

टाळ्या झाल्या. मग फोटोसाठी म्हणून दादाभाऊ वर्गात पहिल्या रांगेत, कुंडलिकाच्या शेजारी सतरंजीवर आला. आसनं झाली, शेवटी शवासन. खोली भरून माणसं उताणी पडली. सगळ्यांनी डोळे मिटले. कुंडलिकाला काही झोप येईना. रोजचा वर्ग अंधारात व्हायचा; आज पहिल्यांदाच उजेडात तो वर बघत राहिला.

"दादाभाऊ," तो म्हणाला.

"हं."

"वर आभाळ दिसतंय."

"बाबा, शवासनात बोलायचं नस्तंय."

"त्या कोपऱ्यात तर कावळा बसलाय. आतून दिसतोय. नवं पत्रं म्हणला न्हवं तुमी आत्ता?"

"डोळं मिटा बाबा," दादाभाऊ डोळे घट्ट मिटून म्हणाला. "डोळं मिटल्याशिवाय गुण येत नाय."

प्राची भिंतीशी उभी होती. तिनंही वर बघितलं. मग रोजच्याच शांत, लांबट आवाजात तिनं शवासनाची शेवटची सूचना दिली.

"आता सगळ्यांनी सावकाश डोळे उघडायचे."