आईंना ब्लॉक कर!

वेबसाइट करायला अक्कल लागत नाही, चार व्हिडिओ बघितले की झालं, असं जावयाचं ठाम मत! म्हणून सासूबाईंच्या शिवणवर्गाची वेबसाइट त्यानं स्वतःच केली. दुपारी एकपर्यंत वीस अर्ज आले नाहीत, तर वर्गाचा हॉल नाचाच्या क्लासला जाणार होता. म्हणजे अख्खा वर्ग एका पानावर लटकलेला, आणि ते पान या दिवट्याच्या हातात!

दहाला त्याच्या ऑफिसात सासूबाईंचा फोन. "जावईबापू, मी, माझी बहीण आणि सून, तिघींचे फोटो एका रांगेत खेटून? बसची वाट बघतोय का आम्ही? मला वर घ्या. एकटीला!"

"हात्तिच्या! फोटो इनलाइन आहे, म्हणून खेटलाय. ब्लॉक केला की अख्खी ओळ तुमची!"

पण साहेब पाठीमागेच उभे, ऑफिसात पान उघडणार कसं? त्यानं हळूच घरी बायकोला फोन लावला. तिच्यासमोर लॅपटॉप होता.

"अगं, आईंना ब्लॉक कर."

"काय? भांडलात का?"

"डोकं खाऊ नकोस. कर!"

दहा मिनिटं झाली, तरी मोबाइलवर पान ढिम्म. त्यानं पुन्हा बायकोला फोन लावला.

"केलंस का?"

"केलं! सख्ख्या आईला फोनवर ब्लॉक केलं! झालं समाधान?" तिनं फोन आपटला आणि बंदच करून टाकला.

साहेब मीटिंगला जाताच यानं पान स्वतः उघडलं. ब्लॉक कुठे लिहायचं ते सापडेपर्यंत आईंचा फोटो लपवू, म्हणून 'डिस्प्ले नन' ठोकलं. फोटो गेला, त्याची जागाही गेली, आणि शेजारच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची बहीण, सरकून थेट 'संस्थापिका' या शब्दावर येऊन बसल्या!

लगेच सासूबाईंचा फोन. "माझ्या जागी ही? जन्मात एक टीप सरळ मारली नाही तिनं! आणि माझी लेक फोन का घेत नाही?"

यानं फोन ठेवला. 'नन' खोडून त्यानं 'व्हिजिबिलिटी हिडन' लिहिलं. माणूस दिसणार नाही, पण जागा राखीव! मावशी निमूट मागे गेल्या. पहिली जागा कोरी, खाली सासूबाईंचं नाव आणि 'संस्थापिका'. हुश्श!

वेबसाइटवर नंबर याचाच होता. तो वाजला.

"बाई कधी गेल्या हो?" एक हुंदका.

"कुठे गेल्या?"

"जागा तेवढी रिकामी ठेवलीत. बघून भरून आलं. माझा अर्ज घ्या, त्यांच्या आठवणीसाठी."

"अहो, त्या ठणठणीत आहेत!"

"धीर धरा," म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यानंतर फोनवर फोन! हा घसा फोडून सांगतोय, आणि जो तो याचंच सांत्वन करून अर्ज भरतोय!

साडेबाराला ऑफिसचं दार धाडकन उघडलं. साक्षात सासूबाई!

"मी मेले म्हणे?"

"आत्ता, आत्ता फोटो परत आणतो!" याची बोटं कीबोर्डवर गेली.

"थांबा. अर्ज किती आले?"

"स... सतरा."

सासूबाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, खुर्ची ओढली आणि पदर सावरून बसल्या.

"मग एकपर्यंत मी मेलेलीच बरी."