कोरमआबा आणि तहकूब ग्रामसभा

आमच्या पुंडलिकआबांना चार माणसं एकत्र दिसली की त्यांचं बोट आपोआप वर होतं आणि डोकी मोजणं सुरू होतं. लग्नाची बोलणी असो, तेरवीची पंगत असो, नाहीतर देवळातलं भजन. मोजून झालं की विचारणार, "कोरम हाय का?" माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मामाला यायला उशीर झाला, तर आबा भर मांडवात उभे राहिले. "मामा नाही म्हनजे कोरम नाही. तहकूब करा!" नवऱ्या मुलाचं तोंड बघवत नव्हतं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. गावानं त्यांना कोरमआबा म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही.

नात्यानं ते माझे चुलत सासरे. सोनाळ्याकडून आत वळलं की आमचं गाव, आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं म्हणून मी त्या गावची सरपंच. म्हणजे घरात मी त्यांच्यापुढे पदर घ्यायचा आणि ग्रामपंचायतीत त्यांनी मला उभं राहून प्रश्न विचारायचे. माझी काय गत होत असेल, तुम्हीच बघा.

हे कोरमचं वेड कुठून आलं ते सांगायचं तर मला आमचीच लक्तरं वेशीवर टांगावी लागतात. पण आता लाजून काय उपयोग! गावाचा वर्षाचा आराखडा ग्रामसभेत ठरायचा असतो. रस्ता कुठला, नाली कुठली, अंगणवाडीला काय, सगळं गावानं बसून ठरवायचं. त्या सभेला शंभर तरी माणसं लागतात, तोच कोरम. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला माणसांची अटच नाही! ही सोय आमच्या लोकांनी बरोबर हेरली. पहिल्या सभेकडे कोणी फिरकायचं नाही. अर्धा तास वाट बघितल्यासारखं करायचं आणि मग ऑफिसात पंख्याखाली मी, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि दोन-चार सदस्य बसून चहाबरोबर आराखडा मंजूर. शिपाई हजेरीच्या सह्या घ्यायला घरोघरी.

त्या पहिल्या सभेला येणारा गावातला एकच माणूस, आमचे आबा. परीटघडीचं धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. शाळेच्या पटांगणात स्वतः सतरंजी अंथरायची आणि तिच्या बरोबर मधोमध बसायचं, जसं काही चारी बाजूंनी माणसं बसलीच आहेत.

"मुद्दा लिहून घ्या, भाऊसाहेब."

"आबा, सभा तहकूब झाली."

"मंग मी काय भूत बसलो काय इथं?"

शिपाई सही मागायला घरी गेला की त्याला दारातूनच हाकलायचे. "मी सभेले आलतो. जे आले नाही त्याइच्या सह्या घे, मही काऊन मांगतं बे?"

एकदा मंजूर झालेला आराखडा बघायला तालुक्याचे विस्तार अधिकारी पंचायतीत आले, तेव्हा आबाही येऊन बसले होते. भाऊसाहेबांनी आराखडा घडाघडा वाचला. त्यात एक काम होतं, गावतलावातला गाळ काढणे. आबा उठले. अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, काम चांगलं हाय. फकत मले तो तलाव दाखवा. इतकं वय झालं, म्या काही पाह्यला नाही." आमच्या गावात तलाव नाही. कधीच नव्हता. पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा आराखडा उचलून नाव तेवढं बदललं होतं आणि आम्ही सगळ्यांनी चहा पीत तो मंजूर केला होता! साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे. भाऊसाहेब म्हणाले, "टायपिंग मिस्टेक." साहेबांनाही हसू आवरेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या दिवशी मला वाटलं.

आबांची स्वतःची मागणी मात्र दर वर्षी एकच. पाणंद रस्ता, म्हणजे शेतात जायची वाट. त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या, महादेवकाकांच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पूर्वी बैलगाडीची वाट होती. एका पावसाळ्यात काकांच्या बैलांनी आबांचा मूग तुडवला. आबांनी भांडण काढलं, वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि सगळ्यांदेखत भावाला सांगितलं, "आजपासून मह्या धुऱ्यावर पाय नाही ठेवाचा." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काका नाल्याकडून लांबचा फेरा घेऊन वावरात जातात.

त्यामुळे आबा रस्ता मागायला लागले की लोक डोळे मिचकावायचे. म्हाताऱ्याचा डोळा भावाच्या जमिनीवर आहे म्हणायचे. सरकारी रस्ता काकांच्या वावरातून ओढायचा आणि आपला धुरा वाचवायचा, असा डाव आहे म्हणायचे. मीही तेच म्हणायची. म्हणायची कसली, चवीनं सांगायची.

यंदा आराखड्याच्या सभेला मी शाळेत गेले तर पटांगण रिकामं. सतरंजी ओट्यावर घडी घातलेली तशीच. भाऊसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "चला मॅडम, आज कटकट नाही. पाच मिनिटांत उरकू." मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या रिकाम्या पटांगणात खुर्ची टाकून बसले आणि माझी मलाच इतकी लाज वाटायला लागली! कोणाची सरपंच होते मी? एक माणूस येत होता, त्यालाही आम्ही हसत होतो. भाऊसाहेबांना म्हटलं, "आज काही उरकायचं नाही," आणि तडक आबांच्या घरी गेले.

आबा तापानं फणफणले होते. खाटेवर पडून होते. म्हातारी गेल्यापासून ते घरात एकटेच. मला बघून उठायला लागले. "सभा भरली का, सूनबाई?"

"नाही भरली. आबा, एवढं काय हो अडलंय तुमचं त्या सभेवाचून? रस्ता पाहिजे तर अर्ज द्या, मी बघते."

"अर्जानं नाही होत ते." ते आढ्याकडे बघत म्हणाले. "त्या काट्या म्या कधीच्याच उचलल्या, बाई. एक दिवस पहाटी जाऊन, कोनी नसतानी. वाटलं, आता येईन तो इकडून. पन तो नाल्याकडूनच जाऊन राह्यला. मंग पाऊस लागला. त्याच्या कापलेल्या सोयाबीनची सुडी वावरात, अन् मळनीयंत्र नाल्यातून निघंना. म्या इकून पाहत होतो. मह्यासमोर सडली ते सुडी. मह्या भावाची बायको भिजलेलं सोयाबीन डोक्यावर वाहून नेत होती."

"मग सांगायचं होतं ना काकांना, या म्हणून!"

"कोन्या तोंडानं सांगू? भर गावात नाही म्हनलो होतो." दुपट्टा त्यांनी तोंडावर ओढून घेतला. आतूनच बोलले. "गावानं ठराव केला असता, का पुंडलिकाच्या वावरातून रस्ता काढा. मंग मले नाही म्हनता आलं नसतं. त्यालेही येता आलं असतं. कोनाच्याच दारी कोनाले जा लागलं नसतं. पन तुमी लोकं सभाच नाही भरवत."

आम्ही ज्याला डाव म्हणत होतो तो हा होता. स्वतःची जमीन जावी म्हणून हा माणूस सतरंजी अंथरून गावाची वाट बघत होता, आणि आम्ही दर वर्षी पंख्याखाली बसून त्याला तहकूब करत होतो. मला रडू आलं, आणि रडायचीही लाज वाटली.

आठवड्यानं पुन्हा सभा लावली. तहकूब सभा, माणसांची गरज नव्हती. तरी बचत गटाच्या बाया घेऊन मी गल्लीगल्लीत हिंडले. लोकांना वाटलं, सरपंचबाईच्या अंगात आलं. महादेवकाकांच्या ओसरीवर गेले तर त्यांनी आधी विचारलं, "त्यानं पाठवलं तुले?" म्हटलं, "नाही. मी सरपंच म्हणून आले." ते उठून आत गेले. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

पण पटांगण भरलं. आबा मधोमध बसले होते, ताप उतरलेला, तोंड सुकलेलं. महादेवकाका आले आणि पार कडेला, पिंपळाखाली उभे राहिले. भाऊसाहेबांनी पाणंद रस्ता वाचला. जुन्या वाटेनं, धुऱ्यालगत पुंडलिक यांच्या वावरातून, त्यांची संमती आहे. सगळं गाव वळून आबांकडे बघायला लागलं. दर सभेला भांडणारे आबा, मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत बसले होते.

"कोणाची हरकत?" मी विचारलं.

"मही हाय." महादेवकाका पिंपळाखालून बोलले.

आबांनी डोळेच मिटून घेतले.

"सगळा रस्ता त्याच्याच वावरातून काऊन?" काका म्हणाले. "त्याची का एकट्याची भाकर कमी कराची हाय? अर्धा मह्याकडून घ्या. लिहा तसं."

काका माणसांतून वाट काढत पुढे आले आणि आबांच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

आबांनी मान वर केली नाही. "मले लाज वाटते रे, महादेवा."

"वाटू दे," काका म्हणाले. "सरक तिकडं, बसू दे मले."

आबा सरकले.