खालच्या तारेची खरखर

"ह्यावर बसलं तर चालतंय का?" अण्णासोंनी विचारलं.

"काका, अँप हाय त्यो, स्टूल न्हवं," शिवप्रसाद म्हणाला. राजारामपुरीत त्याचं वाद्यांचं दुकान होतं.

तोवर अण्णासो बसलेही होते. त्यांच्या मुलीनं, स्नेहलनं, लाजून तोंड भिंतीकडं फिरवलं. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रानं तिला जाड चार तारांची बेस गिटार घरी दिली होती. येत्या शनिवारपर्यंत चार गाणी बसवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि आवाज मोठा करणाऱ्या अँपशिवाय तिच्या तारा शेजारच्या खोलीतही ऐकू जात नव्हत्या.

"शिकणाऱ्याला पंधरा वॅट बास," शिवप्रसाद म्हणाला. "साध्या गिटारीचा स्वस्तातला न्याल, तर ह्या तारांनी त्याचा स्पीकर फाटंल. ह्यो बेसचाच हाय. कोपऱ्याला लोखंड हाय. पडला तरी काय होत न्हाय."

"पाडून बघू?"

"नको!"

अँप त्यांच्या गावच्या, हुपरीच्या एसटीत बसला. घरी स्नेहलनं कॅसेट लावली आणि वाजवायला घेतलं. तीन तारा छान बोलल्या. चौथी, सगळ्यात जाड, खालच्या सुराची तार छेडली आणि आवाजाखाली बारीकसं खर्रर् झालं.

अण्णासोंनी घडवत असलेलं चांदीचं पैंजण खाली ठेवलं. "फुटका हाय."

"अण्णा, नवा हाय की!"

"तीस वर्सं घुंगरं वाजवून बघतोय मी. फुटक्याचा आवाज मला सांगतीस?"

दुसऱ्या दिवशी अँप परत दुकानात. शिवप्रसादनं तीच तार छेडली. आवाज स्वच्छ. अण्णासोंनी अँपला कान लावला, मग दुसरा कान लावला. खरखर नाही. तरी शिवप्रसादनं दुसरा अँप दिला. घरी आणला, तार छेडली, खर्रर्!

बुधवारी तिसरी फेरी. कंडक्टर म्हणाला, "काय अण्णा, नवरी परत म्हायेराला निघाली व्हय?"

"सासरी आली की कुरकुरतीय," अण्णासो म्हणाले.

"मग सासरचंच कायतरी चुकत असंल की!"

सगळी एसटी हसली. अण्णासोंना राग आला, पण बोलणं डोक्यातून जाईना. ते त्यांनी दुकानात सांगितलं, तेव्हा शिवप्रसादनं शटर अर्धं खाली ओढलं. "चला, सासर बघूनच येतो."

हुपरीत त्यानं स्नेहलला एकच तार सारखी वाजवायला लावली आणि स्वतः अँपला कान लावला. "हितं न्हाय." मग तो आणि अण्णासो घरभर कान लावत फिरले. खिडकी, कॉट, ऐरण, पाण्याचा पिंप. शेजारच्या बनाबाई दारातून म्हणाल्या, "काय हरवलंय काय?"

"आवाज शोधतोय," अण्णासो म्हणाले. बनाबाई तशाच परत गेल्या.

शेवटी शिवप्रसाद स्वयंपाकघरातल्या फळीखाली थांबला. "सापडला. वरचा पितळी डबा."

स्नेहलनं गिटार ठेवली आणि स्टूल ओढलं.

"हात लावू नको!" अण्णासो ओरडले.

स्नेहलनं हात मागं घेतला.

डबा राजमतीच्या तिखटाचा होता. अण्णासोंच्या बायकोनं उन्हाळ्यात तिखट कुटून ठेवलं आणि श्रावणात ती स्वतःच गेली. अर्धा डबा शिल्लक होता. तेव्हापासून घरात पुड्याचं तिखट येत होतं आणि डबा कुणी खाली काढला नव्हता.

शिवप्रसाद हळूच म्हणाला, "काका, तिसरा अँप देतो. पर त्योबी खरखरणारच."

अण्णासो स्नेहलकडं बघत राहिले. शनिवारला तीन दिवस उरले होते. मग ते स्वतःच स्टुलावर चढले. डबा उतरवला, झाकण काढलं. तिखट नाकात गेलं आणि तिघंही शिंकायला लागले. आत चमचा उभा होता. तार वाजली की त्याचा दांडा हादरून डब्याच्या काठाला लागत होता.

"आई आपल्याला किती बोलायची," स्नेहल शिंकत म्हणाली. "डब्यात चमचा ठेवू नका म्हणून!"

"आणि स्वतःच ठिवून गेली," अण्णासो म्हणाले.

चमचा काढला, झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला. खालची तार स्वच्छ बोलली. शिवप्रसाद नाक पुसत शेवटची एसटी धरायला पळाला. शनिवारी स्नेहलची चारही गाणी बसली आणि जागा तिचीच राहिली.

रविवारी सकाळी ती सरावाला बसली. चौथी तार छेडली. खर्रर्!

ती स्वयंपाकघरात धावली. अण्णासो स्टुलावरून उतरत होते. बोटं तिखटानं लाल झाली होती.

"अण्णा, चमचा परत आत घातला व्हय? आवाज फुटतोय की!"

"फुटू दे," अण्णासो नाक ओढत म्हणाले. "खालची तार परत एकदा वाजीव."