सिस्टर गायकवाडांचा घोयरा

सिस्टर गायकवाड कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नाहीत. उत्तरावर त्यांचा विश्वासच नाही. लिफ्टमध्ये भेटल्या की अंगठा पुढे करून समोरच्याची खालची पापणी ओढतात, आत डोकावतात आणि 'पांढरट आहे' एवढंच बोलून चौथ्या मजल्यावर उतरून जातात. मागे राहिलेला माणूस सातव्या मजल्यापर्यंत स्वतःच्या मृत्युपत्राचा विचार करत उभा असतो.

बाळकुमचं आमचं कॉम्प्लेक्स नवीन झालं तेव्हा आम्ही एकाच आठवड्यात राहायला आलेलो. आम्ही चारशे एकमध्ये, त्या समोर चारशे दोनमध्ये. ठाण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षं काढून त्या वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात फक्त हॉस्पिटल बदललं. आमच्या बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस फ्लॅट आहेत, म्हणजे त्यांच्या दृष्टीने अठ्ठावीस खाटा. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नाहीत. 'सहाशे तीनला परत पित्त उठलंय', 'दोनशे चार गोळ्या बुडवतोय' असा दिवसाचा अहवाल त्या गॅलरीतून देतात आणि तो गेटवरच्या वॉचमनपर्यंत व्यवस्थित पोचतो. मला मात्र त्या 'सावंत' अशी आडनावाने हाक मारतात. हा बहुमान मला कशाबद्दल मिळाला ते पुढे कळलं. वॉर्डात एक वॉर्डबॉय लागतो.

त्यांची दोन वाक्यं अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहेत. एक, 'पेशंटला कळत नसतं.' आणि दुसरं, 'मी विचारलं नाही, सांगितलं.' या दोन वाक्यांच्या जोरावर त्यांनी आमचे सेक्रेटरी दळवी यांचं वार्षिक सभेतलं भाषण मध्येच थांबवलेलं. दळवी पार्किंगवर बोलत होते. सिस्टर मागच्या रांगेतून उठल्या, दळवींच्या पायाची सूज दोन बोटांनी दाबून बघितली आणि सगळ्या सभासदांदेखत त्यांना मीठ बंद केलं. दळवी ते कधी विसरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर गेल्या वर्षी आमच्या मागच्या प्लॉटवर आणखी एका टॉवरची तयारी सुरू झाली. बाळकुममध्ये टॉवरची तीव्र टंचाई असल्याने ते गरजेचंच होतं. चिंचेचं जुनं झाड तोडलं आणि एका फांदीबरोबर एक प्राणी खाली आला. वीतभर लांब, हिरवागार, डोक्यावर टोपी घातल्यासारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली. कामगारांनी त्याला घेरलं. तो विषारी असतो, त्याच्या फुंकरीने माणूस आंधळा होतो, अशी माहिती ज्याला त्याला होती. दोघांनी काठ्याही उचललेल्या.

हे सगळं सिस्टरांनी गॅलरीतून बघितलं. त्या गाऊनवर ओढणी टाकून खाली गेल्या. पुढचं मी माझ्या गॅलरीतून पाहिलं. त्या घोळक्यात शिरल्या आणि गर्दी दोन्ही बाजूंना अशी सरकली जशी डॉक्टरांचा राउंड आल्यावर नातेवाईक सरकतात. पाच मिनिटांनी मी दारात येऊन उभा राहिलो; त्या लिफ्टमधून बाहेर आल्या तेव्हा हातात चिंचेची फांदी होती आणि फांदीला धरून तो प्राणी. रागाने काळपट पडलेला, एक पुढचा पाय रक्ताळलेला.

मी म्हणालो, अरे बापरे, सरडा.

"सरडा नाही, घोयरा," त्या म्हणाल्या. "आमच्या गावाला चिंचेवर असायचे. पक्कड आहे ना तुमच्याकडे? घेऊन या."

मी विचारणार होतो कशाला. पण त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सिस्टरांच्या गॅलरीत एक मोठा पिंजरा होता. त्यांच्या मिस्टरांचा. मिस्टर गायकवाड कमालीचे गप्प गृहस्थ. घरात बोलायला जागा नसल्याने असेल, त्यांनी पक्षी पाळलेले. निळे-पिवळे बजरीगर, सहा. मिस्टर गेले आणि त्यानंतर वर्षभरात पक्षीही एकेक करून गेले. पिंजरा तसाच राहिला. दर रविवारी सिस्टर तो धुऊन, पुसून परत खुंटीला लावायच्या. एकदा माझ्या बायकोने सहज म्हटलं, की कुणाला तरी देऊन टाका, जागा होईल. त्यावर त्यांनी तिची पापणी ओढून बघितली आणि विषय संपवला.

त्या पिंजऱ्याला पक्कड लावायची वेळ आल्यावर माझा हात जरा अडखळला. सिस्टरांचा नाही. झोका, घंटी, दाण्यांच्या वाट्या, सगळं त्यांनी भराभर बाहेर काढायला लावलं. आरसाही काढला, कारण त्यात स्वतःला बघून, दुसराच घोयरा आहे असं समजून हा चिडेल. पक्ष्यांच्या आडव्या काठ्या काढून उभ्या-तिरप्या फांद्या तारेने बांधल्या. एका कोपऱ्यात जास्वंदीची कुंडी बसवली. गजांमधून खाद्य पळून जाईल म्हणून बाहेरून जुनी मच्छरदाणी कापून शिवली. शिवताना त्यांनी घातलेले टाके इतके सुबक होते, की कुणाच्याही पोटावर शोभले असते. मी, कल्याणच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस, तीन तास फरशीवर बसून तारा पिळत होतो आणि दर दहा मिनिटांनी हात सॅनिटायझरने धूत होतो.

जखम त्यांनी सलाइनच्या पाण्याने पुसली. एका जनावरांच्या डॉक्टरला फोन करून मलम विचारून घेतलं, म्हणजे कुठलं लावणार ते त्याला सांगितलं. पिंजऱ्याला केसपेपर अडकवला. त्यावर लिहिलं: पुरुष, वय माहीत नाही, तक्रार सांगत नाही.

पण पेशंट पाणी पिईना. वाटीकडे बघेचना. दोन दिवस गेले, कातडीला सुरकुत्या पडायला लागल्या. सिस्टर वाटी बदलत होत्या, जागा बदलत होत्या, मला ओरडत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जास्वंदीला पाणी घालताना पानावरून एक थेंब ओघळला आणि पठ्ठ्याने तो चाटला. हा वाटीतलं पाणी ओळखतच नव्हता, पानावरचे थेंबच त्याचं पाणी. अर्ध्या तासात सिस्टरांनी कपाटातून सलाइनचा सेट काढला, बाटली खुंटीला टांगली आणि नळी जास्वंदीवर सोडली. मिनिटाला आठ थेंब. त्यांनी घड्याळ लावून मोजले.

खाण्याची जबाबदारी अर्थातच माझी. रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी खाडीकडच्या मोकळ्या गवतात मासे धरायची जाळी घेऊन नाकतोडे पकडायला जायचो. तिथे अकरावीच्या दोन विद्यार्थिनींनी मला वाकून उड्या मारताना बघितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याकडे एका विशेष सहानुभूतीने बघितलं गेलं. घरी बायको म्हणाली, की लग्नाआधी तुझ्या आईने यातलं काही सांगितलं नव्हतं.

पाच दिवस नाकतोडे सुखरूप राहिले. सहाव्या दिवशी सिस्टरांनी माझ्या दाराची बेल वाजवली, मला हाताला धरून नेलं आणि पिंजऱ्यासमोर उभं केलं. घोयरा पुढे झुकला, थांबला, पुन्हा थोडा झुकला आणि त्याच्या अंगाइतकी लांब जीभ सटकन बाहेर येऊन नाकतोड्यासकट परत गेली. आयुष्यभर लोकांना जीभ बाहेर काढा म्हणून दरडावणाऱ्या बाईला अखेर न सांगता जीभ दाखवणारा पेशंट मिळाला. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'जेवला.' शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली, ते मी बघितलं. आणि बघितलं नाही असं दाखवलं.

मग दळवी जागे झाले. नोटीस बोर्डावर कागद लागला, की इमारतीत हिंस्र व अशुभ प्राणी ठेवू नये. तो रंग बदलतो, हा दळवींचा मुख्य आक्षेप. रंग बदलणं हा गुन्हा असता तर आमच्या मॅनेजिंग कमिटीची सभा भरलीच नसती. पण कागदाच्या तळाशी दळवींनी आणखी एक ओळ घातलेली: घोयरा हा वन्यप्राणी असून तो घरात पाळणं कायद्याने गुन्हा आहे. दळवींचं आयुष्यात एखादं वाक्य बरोबर निघायचं होतं, ते नेमकं हे निघालं.

मला वाटलं सिस्टर खाली जाऊन दळवींचं आता मिठाबरोबर साखरही बंद करतील. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मी पाळला नव्हता, ऍडमिट केलेला. पण पायाने चालायला लागल्यावरही ठेवून घेतला, तो पाळलाच म्हणायचा." आणि त्यांनी स्वतःच वनखात्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं भोकं पाडलेली पेटी घेऊन आली. त्यांनी पाय तपासला, चांगला भरलाय म्हणाले, आजच येऊरच्या जंगलात सोडू म्हणाले. पिंजरा बघून त्यांच्यातला एक जण बराच वेळ सलाइनच्या नळीकडे बघत राहिला. अशी व्यवस्था त्यांच्याकडेही नव्हती. सिस्टर म्हणाल्या, त्याच्याबरोबर मीही येणार. त्या माणसाने सांगून बघितलं, की तशी पद्धत नाही. अर्ध्या तासाने आम्ही सगळे येऊरला निघालेल्या जीपमध्ये होतो. मी त्या दिवशी रजा टाकलेली.

रस्त्यापासून थोडं आत एका झाडाखाली पेटी उघडली. सिस्टरांनी फांदी पुढे केली, घोयरा तिच्यावरून खोडावर उतरला आणि त्याच्या त्या डुलत्या, दर पावलाला विचार करणाऱ्या चालीने वर चढायला लागला. वनखात्याची माणसं जीपकडे गेली. सिस्टर वर बघत उभ्या होत्या. घोयऱ्याचे डोळे वेगवेगळे फिरतात. एक पुढच्या फांदीकडे होता, दुसरा वळून खाली, आमच्याकडे.

"बघा," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मान न हलवता बघतोय."

मी हो म्हणालो.

त्यांनी हातातली रिकामी फांदी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की मिस्टरांना ऍम्ब्युलन्समध्ये घालत होते तेव्हा त्या गेटपाशी उभ्या होत्या. आत एकालाच बसता येत होतं, दीर बसलेले. मिस्टर स्ट्रेचरवरून त्यांच्याकडे बघायला मान वळवायला लागले.

"मीच ओरडले. सरळ झोपा, मान हलवू नका. 'मी विचारलं नाही, सांगितलं,' असंही म्हणाले. ऐकलं त्यांनी. नेहमी ऐकायचे. सरळ झोपूनच गेले."

भूगोलात यावर काही शिकवत नाहीत.

घोयरा पानांच्या दाटीत शिरला. हिरव्यात हिरवा मिसळत गेला. सिस्टरांनी चष्मा पदराने पुसला आणि परत वर बघितलं.

"सावंत, दिसतोय का हो अजून?"

मला बऱ्याच वेळापासून दिसत नव्हता.

"दिसतोय," मी म्हणालो. "तुमच्याकडेच बघतोय."